जुना लष्करी ट्रक चालता करायचा तर: आधी ब्रेक, मग इंजिन, रंग शेवटी

असे बहुतेक प्रकल्प एकाच कारणाने रखडतात: पहिल्या उत्साहात अख्खी गाडी खोलली जाते. वर्षभराने डब्यांत नटबोल्ट उरतात आणि कोणता कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच यंत्रणा खोला, ती पुरी करा, मगच पुढची.

उदाहरणाला दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू घेऊ: अडीच टनी, सहाही चाकांना जोर, सुमारे ४.४ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, ६ व्होल्टची वायरिंग. असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात.

खोलण्याआधी

डॅशबोर्डवरच्या पाट्यांवरचा मॉडेल आणि चासिस नंबर टिपून घ्या. लष्कराचे मूळ मॅन्युअल टीएम ९-८०१ छापून जवळ ठेवा. चासिस हातोडीने ठोकत जा. खणखणीत वाजली तर ठीक; भद्द आवाज आला तर तिथे गंजाने पत्रा खाल्ला आहे. चासिसच सडली असेल तर दुसरा ट्रक शोधलेला बरा.

जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते, रंगात शिसे, आणि त्या काळच्या काही मीटरांच्या चमकत्या काट्यांवर रेडियम. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. रंग कोरडा घासू नका. मीटर उघडू नका.

चाके आणि ब्रेक

चाक काढताना डावीकडच्या नटांचे आटे आधी पाहा. त्या काळच्या अनेक ट्रकांवर ते उलटे असतात. जाम झालाय समजून पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो. रिंगवाल्या (सुट्या कड्याने टायर धरणाऱ्या) किंवा दोन तुकड्यांच्या रिमला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण रिकामा करा. हवा भरलेल्या टायरची रिंग उडाली तर माणूस जागीच जातो. नंतर हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, नळी लांब आणि आपण बाजूला.

या ट्रकच्या ब्रेकला एकच सर्किट आहे. एक नळी फुटली की सहाही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून इथे कंजुषी नको. साधे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, आणि उभ्या गाडीत ते पाणी ब्रेकच्या सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पाडते. नुसता डाग असेल तर होनिंग (आतून बारीक घासणे) पुरते. नखाला खड्डा लागला तर स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह (आतली नळकांडी) बसवा, नाहीतर नवे रबर थोड्याच दिवसांत गळू लागेल. रबरी नळ्या बाहेरून कितीही छान दिसोत, सगळ्या बदला. त्या आतून फुगतात: पॅडलच्या दाबाने ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही आणि चाक धरून राहते. पाइप तांबे-निकेलचे, डबल फ्लेअर केलेले (टोक दुहेरी दुमडून पसरवलेले) घ्या. शुद्ध तांबे कंपनाने कडक होऊन तडकते.

हायड्रोव्हॅक बूस्टरही (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकचा जोर वाढवणारा भाग) खोलून नव्या सीलांनी बांधा. बाहेर गळती नसताना ब्रेक ऑइल कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर ते बूस्टरमधून इंजिनात ओढले जात आहे. बहुतांश काळ उभ्या राहणाऱ्या गाडीला सिलिकॉनचे डॉट ५ ब्रेक ऑइल सोयीचे, कारण ते पाणी शोषत नाही. पण ते कोरड्या, नव्या रबराच्या यंत्रणेतच भरा. साध्या डॉट ४ ऑइलमध्ये कधीच मिसळू नका.

इंजिन

सेल्फ मारण्याचा मोह टाळा. प्लग काढा, जाम पिस्टन सुटावेत म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचे ऑइल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून ३० मिलिलिटर ओता आणि चार दिवस ठेवा. ॲसिटोन झटकन पेट घेते, तेव्हा आसपास ठिणगी नको. तोवर ऑइल पॅन उतरवून गाळ खरवडा. नव्या डिटर्जंट ऑइलने हा गाळ सुटतो आणि ऑइल पंपाची जाळी बंद करतो.

मग रॉकर कव्हर (व्हॉल्व्हवरचे झाकण) काढून हँडलने इंजिन हळू फिरवा आणि बाराही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का बघा. एखादा अडकला असताना सेल्फ मारला तर पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणारी दांडी) वाकणारच. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला हवा, इंजिनाने उलट झटका दिला तर तो मोडत नाही.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाहीतर बहुधा व्हॉल्व्हचा.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी टाकी वापरू नका, तिच्यातला गंज कार्बोरेटर तुंबवतो. वेगळ्या स्वच्छ कॅनमधून पेट्रोल द्या. पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या हव्यात. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. दहा-पंधरा सेकंदांत ऑइल प्रेशरचा काटा उठला नाही तर लगेच बंद करा.

वीज, रंग

सेल्फ रडत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी केबल पाहा. ६ व्होल्टवर तेवढ्याच ताकदीला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून आजच्या कारच्या केबली अपुऱ्या पडतात. ७० चौरस मिलिमीटरच्या केबली घाला आणि अर्थिंगच्या जागा उघड्या धातूपर्यंत घासा.

रंगाचे काम साधे: गंज काढा, इपॉक्सी प्रायमर, वर मॅट ऑलिव्ह ड्रॅब. फक्त बॉनेट ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हळू घासा. जुन्या थरांखाली मूळ लष्करी नंबर सापडू शकतो.

पहिली फेरी

सपाट, मोकळ्या जागेत अर्धा किलोमीटर पुरे. कडक रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडू नका. चाकांना घसरायला वाव नसतो आणि ताण गिअरांवर येतो. थांबल्यावर प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मध्यभागाजवळ) सांभाळून हात नेऊन बघा. एकच हब तापला असेल तर ते चाक उचलून हाताने फिरवा. जड फिरले तर ब्रेक धरून आहे, आणि त्या चाकाचा ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) सैल केल्यावर ते मोकळे झाले तर दोष नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पॅडलने दबणाऱ्या मुख्य ब्रेक सिलिंडरमध्ये) शोधा. मुळातच हलके फिरत असेल तर बेअरिंग जादा आवळलेले किंवा ग्रीसविना आहे.