रिअ‍ॅक्ट शिकताना या चुका टाळा (डबा तोच आहे की नवा?)

गेली काही वर्षं मी नवशिक्यांचा रिअ‍ॅक्टचा कोड तपासून देतोय. (रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानं बनवायची जावास्क्रिप्टची लायब्ररी.) मुलं बदलतात, चुका त्याच. दर वेळी तेच तेच सांगून जीभ झिजली, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं उठवतो तो यूजइफेक्ट, म्हणजे पान दाखवून झाल्यावर करायचं काम (उदा. सर्व्हरकडून यादी मागवणं) जिथे लिहितात तो हूक. २०१९ साली १६.८ व्हर्जनमध्ये हूक्स आले आणि तेव्हापासून लोक त्यात काहीही कोंबतात.

आमच्या टीममध्ये एक नवीन पोरगा होता. हुशार, पण हात डोक्यापेक्षा वेगाने चालायचे. दुकानांची यादी दाखवणारं पान त्याच्याकडे होतं. शहर निवडा, प्रकार निवडा, यादी येईल. मागे आमचा सर्व्हर पत्त्यावरून नकाशातली जागा शोधून देणारी एक विकतची सेवा वापरायचा, म्हणजे प्रत्येक विनंतीला पैसे. पोराने शहर आणि प्रकार मिळून कॉम्पोनंटच्या (पान बनवणाऱ्या फंक्शनच्या) आतच ‘फिल्टर’ नावाचा ऑब्जेक्ट बनवला आणि यूजइफेक्टच्या डिपेंडन्सी यादीत टाकला. या यादीतलं काही बदललं की इफेक्ट पुन्हा चालतो. पान सुरेख दिसत होतं. शुक्रवारी संध्याकाळी टॅब उघडाच ठेवून तो गावी गेला. सोमवारी सकाळी महिन्याचा सगळा कोटा संपलेला. वर त्याचं उत्तर, “दादा, माझ्या मशीनवर तर नीट चालत होतं!”

चालतच होतं की. दोन दिवस अखंड चालत होतं.

झालं असं. यादी आली की स्टेट (कॉम्पोनंटने लक्षात ठेवलेली माहिती) बदलते, स्टेट बदलली की कॉम्पोनंट पुन्हा रेंडर होतो, म्हणजे ते फंक्शन पुन्हा चालतं, रेंडर झाला की फिल्टरचा ऑब्जेक्ट नव्याने बनतो, आणि रिअ‍ॅक्टला वाटतं फिल्टर बदलला, चला, पुन्हा यादी मागवा. दर वेळी तीच यादी येत असल्यामुळे स्क्रीनवर काही हलत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

इथे रिअ‍ॅक्टला शिव्या देऊ नका, हे जावास्क्रिप्ट आहे. स्वयंपाकघरातले दोन स्टीलचे डबे डोळ्यासमोर आणा. दोन्हींत पाव किलो रवा. जावास्क्रिप्ट झाकण उघडून रवा बघत नाही. डबा तोच आहे की दुसरा, एवढंच बघते. दुसरा असेल तर तिच्या लेखी बदल झाला.

उपाय सोपा आहे. यादीत शहर आणि प्रकार हे साधे शब्द वेगवेगळे द्या आणि ऑब्जेक्ट इफेक्टच्या आत बनवा. लिंटरची (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाची) पिवळी रेघ दिसली की कमेंट टाकून तिचं तोंड बंद करायचं, किंवा यादी सरळ रिकामी ठेवायची, हे शॉर्टकट मला अजिबात चालत नाहीत. रिकामी यादी ठेवलीत तर शहर पुणे निवडा नाहीतर नाशिक, दुकानं आधीचीच दिसत राहतील. माझी स्वतःची सवय अशी: नवीन इफेक्ट लिहिला की ब्राउझरचा नेटवर्क टॅब (सर्व्हरला जाणाऱ्या विनंत्या दाखवणारा) उघडायचा, माउसवरून हात काढायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. ओळी वाढत राहिल्या तर चहा नंतर.

याच डब्याची दुसरी बाजू म्हणजे पुश, म्हणजे आहे त्याच अ‍ॅरेच्या (यादीच्या) शेवटी नवी वस्तू घालणं. अ‍ॅरेमध्ये पुश करून तोच अ‍ॅरे सेटस्टेटला (स्टेट बदलणाऱ्या फंक्शनला) दिला की “स्क्रीन बदलतच नाही” अशी तक्रार येते. कशी बदलेल? आत रवा वाढला, डबा तोच राहिला. तीन टिंबांनी नवा अ‍ॅरे पसरा आणि तो द्या.

मग ‘की’ (key), म्हणजे यादीतली कुठली ओळ कुठली हे रिअ‍ॅक्टला ओळखता यावं म्हणून द्यायची खूण. लूपमध्ये इंडेक्स (ओळीचा क्रमांक) ‘की’ म्हणून दिला की ब्राउझरच्या कन्सोलमधली तक्रार गप्प होते, म्हणून सगळे तेच करतात. एका ओळखीच्यांना मी स्वतः दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींचा फॉर्म करून दिला होता, आणि हीच चूक माझ्या हातून झाली. पहिली ओळ चकलीची, दुसरी शंकरपाळ्यांची, समोर वजनाचा रकाना. चकलीची ओळ काढून टाकली की शंकरपाळे वर सरकायचे, पण रकान्यात चकलीचं वजन तसंच बसून राहायचं. रिअ‍ॅक्टच्या दृष्टीने शून्य नंबरची ओळ अजून जिवंत होती, गेली ती शेवटची. वहिनींनी अर्ध्या किलोऐवजी पाच किलो शंकरपाळे तळले. तेव्हापासून ओळ तयार होतानाच मी तिला स्वतःचा आयडी देतो. आणि हो, रेंडर करताना रँडम आकडा ‘की’ म्हणून देणं हा त्याहून वाईट उद्योग आहे. टाइप करता करता कर्सर उडतो.

बाकीच्या किरकोळ.

सेटस्टेटच्या पुढच्याच ओळीत कन्सोल लॉग करून “जुनीच किंमत येते” म्हणू नका. नवी किंमत पुढच्या रेंडरमध्ये मिळते.

डेव्हलपमेंटमध्ये विनंती दोनदा जाते म्हणून स्ट्रिक्टमोड (चुका लवकर दिसाव्यात म्हणून रिअ‍ॅक्टने दिलेली सोय) काढू नका. २०२२ च्या १८ व्या व्हर्जनपासून तो इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवतो. तुम्ही टायमर बंद करायला विसरलात तर ते तिथेच उघडं पडतं.

क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवरचे (नवा प्रोजेक्ट उभा करून देणाऱ्या साधनावरचे) जुने व्हिडिओ बंद करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या टीमने ते अधिकृतपणे निवृत्त केलं. शिकायला त्याच कामाचं वीट (Vite) घ्या. नाव तसं असलं तरी अजून मला त्याचा वीट आलेला नाही.

फ्रंटएंडमध्ये वापरलेली गुप्त की एन्व्ह फाइलमध्ये (.env, सेटिंग्जची फाइल) ठेवली तरी ब्राउझरमध्ये कुणालाही वाचता येते. ती सर्व्हरवरच ठेवा.

आणि अडलात तर मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवू नका. कन्सोलमधल्या लाल मजकुराची पहिली ओळ कॉपी करून पाठवा. त्याआधी ती स्वतः एकदा वाचा, निम्म्या वेळा मला पाठवायची गरजच उरत नाही.