एमक्यू-६ गॅस सेन्सरचा खोटा अलार्म: दोष वायरिंगचाच

ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) ला जोडलेला एमक्यू-६ हा एलपीजी ओळखणारा सेन्सर स्वयंपाकघरात गॅस नसतानाही वाजायचा. कोडमध्ये चूक नव्हती.

या सेन्सरच्या हीटरचा रोध साधारण ३३ ओहम, म्हणजे ५ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर लागतात. मी तो ३.३ व्होल्टच्या पिनवर जोडला होता. हीटर पुरेसा तापत नाही आणि रीडिंग भरकटतं. आता ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर लावलाय, ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) अडॅप्टर आणि ईएसपी३२ दोघांचा एकच. (ग्राउंड जोडायला विसरलात तर आकडे वाट्टेल तसे नाचतात.)

आता सेन्सरच्या एओ (अ‍ॅनालॉग आउटपुट) पिनवर ५ व्होल्टपर्यंत येऊ शकतात, ईएसपी३२ ला ३.३ च चालतात. म्हणून एओ ते ईएसपी३२ च्या जीपीआयओ ३४ पिनमध्ये १० किलोओहमचा रोधक, तिथून ग्राउंडला २० किलोओहमचा. आधीची जीपीआयओ २५ पिन एडीसी-२ वर (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या सर्किटवर) आहे, वायफाय चालू असताना ती वाचता येत नाही.

नवा सेन्सर किमान २४ तास तापवा, मगच अलार्मची मर्यादा ठरवा. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर. जवळ सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर कायमचा बधिर होतो.