'के'वाला प्रोसेसर घ्यायचा का? आधी कोटेशन नीट बघा

पीसी बिल्ड करताना हमखास अडायला होतं ते इथे, की साधा प्रोसेसर घ्यायचा की थोडे जास्त पैसे टाकून ओव्हरक्लॉक होणारा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवता येणारा. इंटेलमध्ये अशा चिपच्या नावात 'के' असतो. पुढेमागे करू ओव्हरक्लॉक, असू दे, एवढ्या विचारावर के घेऊ नका.

इंटेलमध्ये नुसती चिप घेऊन भागत नाही. मल्टिप्लायर (चिपचा स्पीड ठरवणारा आकडा) वाढवायचा तर झेड सिरीजचा मदरबोर्ड लागतो, म्हणजे झेड६९०, झेड७९० असे. स्वस्तातल्या बी७६० बोर्डावर के चिप व्यवस्थित चालते पण कोअरचा क्लॉक वाढवता येत नाही (रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायचं सेटिंग, मात्र चालतं, त्यासाठी झेड लागत नाही). वर के चिपच्या बॉक्समध्ये कूलर नसतो, साध्या चिपसोबत मिळतो. म्हणून दुकानदाराकडून दोन कोटेशन घ्या, दोन्हींत प्रोसेसर, बोर्ड, कूलर एकत्र धरा, खरा फरक तेव्हाच कळतो आणि तो चिपच्या फरकापेक्षा बराच मोठा निघतो.

आता त्या फरकात मिळतं काय? आय५ १३४०० आणि १३६००के घ्या. पहिल्यात ६ मोठे आणि ४ छोटे कोअर, टर्बो, म्हणजे चिप स्वतःहून गाठते तो जास्तीत जास्त स्पीड, ४.६ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात ६ मोठे, ८ छोटे आणि ५.१. म्हणजे जास्तीचा स्पीड बॉक्समधूनच मिळतोय, ओव्हरक्लॉक न करता! २०११ मध्ये आय५ २५००के ३.३ चा होता आणि लोक तो आरामात ४.५ वर चालवायचे, तेव्हा के घेण्यात खरंच पैसे वसूल होते. आता कंपनीच चिप जवळजवळ टोकाला नेऊन देते, १३६००के तुम्ही ५.४ वर नेला तरी वाढ साधारण ६ टक्के, आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवलं की वीज आणि गरमी त्याच्या कितीतरी पट वाढते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बिनएसीच्या खोलीत हे किती टिकेल ते तुम्हीच ठरवा.

गेमिंगसाठी घेत असाल तर सध्याच्या पीसीवर एक टेस्ट करा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने स्क्रीनवर जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) युसेज लावा, नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर चालवा. जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर अडवतच नाहीये, के घेऊन एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) फारसे हलणार नाहीत, तेच पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. जीपीयू ६०-७० वर रेंगाळतोय, एफपीएस लिमिट किंवा व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) पण लावलेलं नाही, आणि रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस तेवढेच राहतात, तर मात्र प्रोसेसर कमी पडतोय. तेव्हासुद्धा आधी वरचा साधा मॉडेल बघा, मग के.

रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग, मोठे कोड कंपाइल असं तासनतास काम असेल तर के घ्याच, पण कोअरसाठी घ्या. चांगल्या व्हीआरएमचा (बोर्डावरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग) बी७६० आणि दमदार कूलर लावा, झेड बोर्डाचे पैसे वाचवा. आणि ज्याला ट्यूनिंगचीच आवड आहे, रात्र रात्र सेटिंग बदलत सिनेबेंच (प्रोसेसरचा स्पीड मोजणारी टेस्ट) चालवायला आवडतं, त्याने बिनधास्त झेड घ्यावा, शौक म्हणून तो खर्च रास्तच आहे.

एएमडीत प्रश्न सोपा होतो कारण बहुतेक रायझन प्रोसेसर अनलॉकच (ओव्हरक्लॉकला मोकळे) असतात आणि बी६५० बोर्डावर पण ओव्हरक्लॉक होतात, ए६२० वर नाही. ७६०० आणि ७६००एक्स दोन्ही ६ कोअरचे, टर्बो ५.१ आणि ५.३. ७६०० सोबत कूलर येतो आणि पीबीओ (एएमडीचं स्पीड आपोआप वाढवणारं सेटिंग) ऑन केलं की फरक आणखी कमी होतो, म्हणून मी तरी ७६०० च सांगेन.

वॉरंटीचं पण बघा, ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघंही वॉरंटीत धरत नाहीत. सेकंड हँड के घेताना तर जास्तच जपा, आधीच्या मालकाने किती व्होल्टेज दिलं होतं ते चिप बघून कळत नाही. त्यातून १३व्या-१४व्या जनरेशनची असेल तर जास्त व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याचा प्रॉब्लेम होता, २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड अपडेट दिलं, ते बोर्डाच्या बायोसमधून (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) येतं, म्हणून बायोस अपडेट केला होता का ते विचारा, आणि पैसे देण्याआधी समोर अर्धा तास लोडवर चालवून घ्या.