साराटोगाची लढाई: उत्तर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर प्रश्न आला की 'युद्धाला कलाटणी देणारी लढाई म्हणजे साराटोगा' हे वाक्य उत्तरात हमखास येतं. ते बरोबरच आहे. घोळ सुरू होतो पुढच्या वाक्यापासून.

पहिला घोळ तारखेचा. साराटोगा म्हणजे एका दिवसाची, एका मैदानावरची झुंज नव्हे. लढाया दोन झाल्या: १९ सप्टेंबर १७७७ ला फ्रीमन्स फार्मवर आणि ७ ऑक्टोबरला बेमिस हाइट्सवर. दोन्ही जागा साराटोगा गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर आहेत. गावात, म्हणजे आजच्या स्कायलरव्हिलमध्ये, १७ ऑक्टोबरला झाली ती शरणागती. बरं, पहिल्या लढाईत अमेरिकन जिंकले असंही लिहू नका. संध्याकाळी मैदान इंग्रजांच्याच ताब्यात होतं. पण त्यासाठी जनरल बर्गॉइनची सुमारे ६०० माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली. समोरच्यांचं नुकसान याच्या साधारण निम्मं. कॅनडातून एवढ्या आत घुसलेल्या फौजेला हा खड्डा भरून काढणं शक्य नव्हतं.

जॉर्ज वॉशिंग्टनला साराटोगाचा विजेता करणारे तर पैशाला पासरी सापडतात. तो तिथे नव्हताच. त्या दिवसांत तो पेनसिल्व्हेनियात जनरल होवशी झुंजत होता, आणि हरत होता: ११ सप्टेंबरला ब्रँडीवाइन, ४ ऑक्टोबरला जर्मनटाउन. उत्तरेकडच्या फौजेचा सेनापती होता होरेशिओ गेट्स.

'इंग्रजांच्या तीन फौजांनी न्यूयॉर्क प्रांतातल्या ऑल्बनीला एकत्र यायचं होतं, पण त्या आल्या नाहीत,' हे वाक्य चूक नाही, पण अपुरं आहे. इथे नकाशा उघडाच. बर्गॉइन उत्तरेकडून शॅम्प्लेन सरोवराच्या वाटेने निघाला. सेंट लेजर पश्चिमेकडून मोहॉक खोऱ्यातून यायचा होता; तो फोर्ट स्टॅनविक्सच्या वेढ्यात अडकला आणि ऑगस्टमध्ये माघारी फिरला. होवने न्यूयॉर्कहून हडसन नदीने वर येण्याऐवजी समुद्रमार्गे फिलाडेल्फियाकडे मोर्चा वळवला, आणि लंडनमध्ये बसलेल्या मंत्री लॉर्ड जर्मेनने दोन्ही बेतांना मान हलवली! न्यूयॉर्कला मागे राहिलेला इंग्रज जनरल क्लिंटन ऑक्टोबरच्या सुरुवातीला हडसनवरचे दोन किल्ले घेऊन थोडा वर सरकला, पण तोवर वेळ निघून गेली होती.

आणि रसद. उत्तरांत ती बहुधा नसतेच. टायकॉन्डेरोगाचा किल्ला जुलैच्या सुरुवातीला जवळजवळ फुकटात मिळाला. पुढे स्केन्सबरो ते फोर्ट एडवर्ड हे चाळीसेक किलोमीटरही नसलेलं अंतर कापायला बर्गॉइनला सुमारे तीन आठवडे लागले, कारण अमेरिकन जनरल फिलिप स्कायलरच्या माणसांनी झाडं पाडून आणि पूल मोडून वाट बुजवली होती. घोडे आणि धान्य लुटायला पाठवलेल्या तुकडीचा १६ ऑगस्टला बेनिंग्टनजवळ फडशा पडला, आणि तिच्या मदतीला गेलेल्यांसकट जवळपास ९०० माणसं गेली. ऑक्टोबर उजाडला तेव्हा शिधा कापायची वेळ आली होती. ७ ऑक्टोबरला बर्गॉइन दीडेक हजार सैनिक घेऊन छावणीबाहेर पडला, तो शत्रूची डावी बाजू चाचपायला आणि जमलं तर उभ्या गव्हाच्या शेतातून दाणागोटा आणायला. त्याच दिवशी बर्गॉइनचा जनरल सायमन फ्रेझर, इंग्रजांच्या बाजूने लढणारा जर्मन सेनानी रीडेझेल याच्या पत्नीकडे जेवायला यायचा होता. टेबल मांडून झालं होतं. ते हलवून तिथे खाट टाकावी लागली, कारण फ्रेझरला प्राणघातक जखमी अवस्थेत उचलून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

अमेरिकन जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डला गाळणं ही आणखी एक खोड. गेट्सशी भांडण होऊन हाताखालची फौज गेली असतानाही तो त्या दिवशी घोड्यावर बसून गर्दीत घुसला आणि शेवटच्या निकराच्या हल्ल्यात डाव्या पायाला गोळी लागून पडला. पुढे १७८० मध्ये तो इंग्रजांना फितूर झाला खरा, म्हणून १७७७ मधली त्याची कामगिरी पुसायची? तिथल्या स्मारकावर नुसता बूट कोरलाय, नाव नाही. उत्तरपत्रिकेत मात्र नाव लिहा.

आता फ्रान्स. 'साराटोगानंतर फ्रान्सने मदत सुरू केली' हे चूक. बंदुका आणि दारूगोळा आधीपासून चोरवाटेने येतच होता. बातमी डिसेंबर १७७७ मध्ये पॅरिसला पोचली आणि ६ फेब्रुवारी १७७८ ला उघड लष्करी करार झाला. खरा फरक पडला तो हा. आता इंग्रजांना कॅरिबियन बेटांपासून हिंदुस्थानापर्यंत आरमार वाटावं लागलं. आपल्याकडे त्याचा परिणाम लगेच दिसला: ऑक्टोबर १७७८ मध्ये त्यांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी घेतली. मात्र म्हणून इंग्रज-मराठा युद्धही साराटोगामुळे पेटलं असं ठोकून देऊ नका. ते राघोबादादांच्या निमित्ताने १७७५ मध्येच सुरू झालं होतं, आणि सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात आला म्हणून मुंबईकर इंग्रज १७७७ मध्येच, साराटोगाची बातमी येण्याआधीच, अस्वस्थ झाले होते.

शरणागतीबद्दलही जपून लिहा. बर्गॉइनच्या जवळपास ६,००० माणसांनी शस्त्रं ठेवली ती तहाच्या अटींवर: पुन्हा अमेरिकेत लढायचं नाही या बोलीवर त्यांना मायदेशी जाऊ द्यायचं होतं. अमेरिकन काँग्रेसने ते मानलं नाही आणि फौज कैदेतच राहिली. मराठ्यांनी इंग्रजांना हरवून केलेल्या जानेवारी १७७९ च्या वडगावच्या तहाशी तुलना करायचा मोह होतो, तर करा, पण बाजू उलटी आहे हे ध्यानात ठेवा. वडगावला शब्द फिरवला तो हरलेल्या इंग्रजांनी, वॉरन हेस्टिंग्जने. साराटोगाला जिंकलेल्या अमेरिकनांनी.