वेर्ण्याला ट्रेनिंगला जाताय? आधी फिटनेस सर्टिफिकेट काढा

कपडे किती न्यायचे, चादर लागते का, लोणचं कुठल्या बाटलीत भरायचं, हे मला विचारू नका. आईला विचारा, तिला जास्त कळतं. मी लिहायला बसलेय ते मुख्यतः एका कागदासाठी. मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट. बी.फार्म.चं सहावं सेमिस्टर संपल्यावर मी गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत ट्रेनिंगला गेले होते, आणि सिक्युरिटीने हा कागद मागितल्यावर मी कॉलेजचं आयकार्ड पुढे केलं. पुढचं सांगत नाही. बाकीची मुलं आत इंडक्शनला बसली आणि मी मडगावात एक्स-रे काढायच्या रांगेत.

तर क्रमाने. कंपन्यांना मेल जानेवारी-फेब्रुवारीतच टाका. एप्रिलमध्ये जागा भरलेल्या असतात आणि एचआरवाले उत्तरही देत नाहीत. सीनियर, कॉलेजचे माजी विद्यार्थी, सरांची ओळख, जे असेल ते वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ‘ट्रेनिंग लावून देतो, एवढे पैसे भरा’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. स्टायपेंडची आशाही धरू नका, चार आठवड्यांच्या पोरांना सहसा कोणी देत नाही. होकार आला की कॉलेजचं पत्र घ्या आणि त्यावर कंपनीचं नाव त्यांच्या मेलमध्ये आहे तसंच, प्लांटच्या पत्त्यासकट टाका. एकाच कंपनीचे दोन-तीन प्लांट असतात. मुंबईच्या हेड ऑफिसच्या नावाचं पत्र वेर्ण्याच्या गेटवर दाखवून उपयोग नाही.

तारखा नीट मोजा. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात हे ट्रेनिंग सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरच्या मध्ये, चार आठवड्यांत किमान १५० तास, असं दिलंय. पाच दिवसांचा आठवडा आणि जेवणाची सुट्टी वगळून रोजचे साडेसात तास धरले तर बरोबर १५० भरतात, एक तासही वर उरत नाही. म्हणजे एक दिवस गेटबाहेर गेला की तास कमी पडले. मग शनिवारी येऊ का म्हणून कंपनीतल्या ट्रेनिंग कोऑर्डिनेटरच्या मागे फिरायचं. दिवस गेटबाहेर का जातो, ते वर सांगितलंय.

आता तो कागद, सविस्तर. होकाराच्या मेलला जोडलेल्या सगळ्या फाइल उघडा. सगळ्या! बऱ्याच कंपन्यांचा फिटनेसचा स्वतःचा फॉरमॅट असतो, तोच छापून डॉक्टरांकडे न्या. गल्लीतल्या डॉक्टरकाकांनी लेटरहेडवर ‘ही मुलगी फिट आहे’ एवढंच लिहून दिलं तर ते घरी फ्रेम करून लावा, प्लांटमध्ये चालणार नाही. डॉक्टर एमबीबीएस असावेत, सही-शिक्क्याबरोबर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा, तारीख अलीकडची असावी आणि तुमचं नाव आधारवर आहे तसंच असावं. संसर्गजन्य आजार नाही, त्वचेचा विकार नाही, उघडी जखम नाही, हे शब्दांत लिहिलेलं हवं. डोळ्यांच्या तपासणीत रंग ओळखण्याची चाचणीही मागतात, ती ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचायची. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेगळं जावं लागतं, म्हणजे आणखी एक दिवस. छातीचा एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट मागितले असतील तर तेही सोबत. हे सगळं आपल्या गावात, आपल्या भाषेत, बाबांच्या स्कूटरवर बसून होतं. परक्या गावात सोमवारी सकाळी खांद्यावर बॅग घेऊन करून बघा.

आणि हा नुसता एचआरचा छळ नाही. शेड्यूल एम हा औषध नियमांचा भाग वाचा. २०२३च्या डिसेंबरअखेर त्याची सुधारित आवृत्ती अधिसूचित झाली. कामावर घेण्याआधी माणसाची वैद्यकीय तपासणी, आणि आजारी किंवा उघडी जखम असलेल्या माणसाला उघड्या औषधापासून दूर ठेवणं, हे त्यातच आहे. तुम्ही चार आठवड्यांचे पाहुणे असलात तरी त्वचा तुमचीच आणि गोळ्या रुग्णाच्या.

आधार, फोटो, झेरॉक्स. अपघात विमा काही ठिकाणी मागतात, मेलमध्ये बघा. गोपनीयतेच्या कागदावर सही करायला लावतील, वाचून करा.

राहायचं. वेर्णा म्हणजे बीच नव्हे, पठारावरची औद्योगिक वसाहत आहे आणि संध्याकाळनंतर तिथे चिटपाखरू नसतं. मे महिन्यात किनाऱ्याकडच्या खोल्यांचे भाव पर्यटकांसाठी असतात, तिकडे बघूही नका. आधी कंपनीला विचारा की बस कुठून कुठून सुटते आणि ट्रेनींना तिच्यात बसू देतात का. मग त्या थांब्याजवळ खोली शोधा. हे उलट करणारे रोज रिक्षावर पैसे उडवतात. मडगाव सोयीचं पडतं, मेस मिळते, मराठी चालते. कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, पणजी-मडगाव शटल हायवेने वेर्ण्यावरूनच जाते पण मध्ये थांबत नाही. खिडकीतून कंपनीचा बोर्ड दिसेल आणि मागेही जाईल. साधी लोकल बस पकडा. मिरज-बेळगावकडच्यांना गोवा एक्स्प्रेस थेट मडगावला सोडते. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी जूनच्या मध्यापासून पावसाळी वेळापत्रक लागतं हे लक्षात ठेवून परतीचं तिकीट काढावं. रविवारी रात्री पोहोचू नका. शुक्रवारी पोहोचा, म्हणजे एखादा कागद राहिलाच असेल तर शनिवारी दवाखाने आणि लॅब उघड्या मिळतील. कुठला कागद, ते कळलंच असेल.

बॅग भरताना साधे सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे जास्त. छत्री. सेफ्टी शूज कंपनी देते की आपले न्यायचे, हे विचारा.

आता अंगावरचं. अंगठ्या, कानातलं, चमकी, पैंजण, घड्याळ, मनगटातला देवाचा दोरा, सगळं चेंज रूमच्या अलीकडे उतरवावं लागतं. न निघणारी चमकी घरूनच सोनाराकडून काढून आणा. नेलपेंट, परफ्यूम, मेकअप नाही. लग्नसराईत करवली म्हणून कोपरापर्यंत मेंदी काढून याल तर काही ठिकाणी ती फिकी पडेपर्यंत प्रॉडक्शनमध्ये सोडत नाहीत. मुलांनो, दाढीलाही टोपी असते, हसू नका. चेंज रूममध्ये एक आडवा बाक असतो. त्यावर बसायचं, अलीकडची पादत्राणं काढायची, पाय उचलून पलीकडे फिरवायचे आणि तिथली पादत्राणं घालूनच पलीकडच्या फरशीवर टेकायचे. पहिल्या दिवशी मी बाकावर बसले आणि सवयीने दोन्ही पाय अलीकडेच खाली सोडले. ऑपरेटर दादा काही बोलले नाहीत, नुसतं बोटाने पुन्हा सुरुवातीला जायला सांगितलं. त्या दादांना ‘अहो दादा’च म्हणा. त्यांना कंप्रेशन मशीनच्या, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करणाऱ्या यंत्राच्या, आवाजावरून बिघाड कळतो, तुमच्या फर्स्ट क्लासला ते कळत नाही.

थोडं वाचून जा. सगळी फार्माकॉलॉजी नको, ती तिथे कोणी विचारत नाही. ग्रॅन्युलेशन (पावडरीचे दाणे करणं), ड्रायिंग, ब्लेंडिंग, कंप्रेशन, कोटिंग, पॅकिंग हा गोळी बनवण्याचा क्रम डोळे मिटून सांगता यावा. फ्रायबिलिटी, म्हणजे फिरत्या ड्रममध्ये गोळी किती झिजते ते, मिनिटाला २५ फेऱ्यांनी चार मिनिटं, म्हणजे १०० फेऱ्या, आणि वजनातली घट एक टक्क्याच्या आत. साध्या, कोटिंग नसलेल्या गोळीचं डिसइंटिग्रेशन, म्हणजे पाण्यात फुटून सुटी होणं, १५ मिनिटांत. गोळ्यागोळ्यांच्या वजनातल्या फरकाची मर्यादा ८० मिलिग्रॅमच्या गोळीपर्यंत १० टक्के, २५० आणि त्यावर ५ टक्के, मधल्यांना साडेसात. आयपीक्यूसीवाले, म्हणजे उत्पादन चालू असतानाच गोळ्या तपासणारे, पहिल्या दिवशी हेच विचारतात. लाइन क्लिअरन्स म्हणजे काय (आधीच्या बॅचचं काही मागे राहिलं नाही ना, याची तपासणी) आणि खोल्याखोल्यांमध्ये हवेच्या दाबाचा फरक का ठेवतात, एवढं आलं तरी क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, मॅडमचा चेहरा सैल होतो.

लिहिण्याची शिस्त मात्र घरूनच लावून घ्या. व्हाइटनर बॅगेत नको, पेन्सिलही नको. चुकलं की एक रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही आणि तारीख. गिरवायचं नाही. ‘आधी चिठोऱ्यावर लिहिते, मग फेअर करते’ ही कॉलेजच्या जर्नलची सवय तिथे गुन्हा आहे. जे बघितलं ते त्याच वेळी, त्याच कागदावर. बीएमआरला, म्हणजे बॅचच्या उत्पादनाच्या नोंदींच्या कागदांना, तर हातच लावू नका, लांबून वाचा.

मोबाइल लॉकरमध्ये, फोटो नाहीत, कागद बाहेर नेता येत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी खोलीवर आल्या आल्या, आंघोळीच्याही आधी, आठवेल ते वहीत उतरवा. शेवटच्या आठवड्यात सगळं आठवून लिहू म्हणणाऱ्यांचे रिपोर्ट पाठ्यपुस्तकाची झेरॉक्स असतात आणि सरांना ते एका पानात कळतं. वहीत प्रॉडक्टचं नाव, बॅच नंबर, ग्राहक कंपनीचं नाव नको.

रिपोर्टचा कच्चा मसुदा तिसऱ्या आठवड्यातच कोऑर्डिनेटरना दाखवा, नंतर ऑडिट येतं आणि ते सापडत नाहीत. सर्टिफिकेटवर नाव मार्कशीटप्रमाणे, तारखा आणि तास आकड्यांत, सही आणि शिक्का, तिथेच उभं राहून तपासा. हो, आणि ज्यांनी एवढं वाचूनही अजून डॉक्टरांची वेळ घेतली नसेल त्यांनी आत्ता फोन करा. लॉकरची किल्ली, आयकार्ड, ॲप्रन परत करून नो ड्यूजच्या, म्हणजे काही देणं बाकी नसल्याच्या, कागदावर सह्या घ्या. घरमालकाकडून डिपॉझिट आदल्या रात्रीच घ्या, सकाळी गाडीच्या वेळेला ते मासळी आणायला गेलेले असतात.