रुंद चाकं लावल्यावर गाडी ओढतेय? या चुका टाळा

रुंद चाकं बसवल्यावर गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे भरकटते, ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातातून खेचलं जातं. दोष रुंदीला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक ऑफसेट निवडताना झालेली असते.

ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबवर (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) बसणारा भाग यांतलं अंतर. समजा, ४५ मिमी ऑफसेटच्या ६ इंची रिमऐवजी ३५ मिमी ऑफसेटची ८ इंची रिम घेतली. बाहेरची कड साधारण ३५ मिमी बाहेर येते, आतली १५ मिमी आत जाते. मडगार्डला घासतंय का एवढंच सगळे बघतात. पण मध्यरेषाही १० मिमी बाहेर सरकली, आणि खरी भानगड तिथे आहे. स्टिअरिंग फिरवल्यावर चाक एका तिरप्या अक्षाभोवती वळतं. तो अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. अनेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत तो मुद्दाम ऋण ठेवतात, म्हणजे अक्ष टायरच्या मध्याच्या बाहेरच्या बाजूला जमिनीला मिळतो. त्यामुळे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी चाकंच किंचित वळून गाडी सावरतात. चाक बाहेर सरकलं की ही सोय कमी होते, कधी उलटीही फिरते. वर स्पेसर (हब आणि रिममध्ये बसवायची चकती) टाकला तर आणखी, शिवाय बेअरिंगवर ताण वाढतो. म्हणून मडगार्डबाहेर डोकावणारी चाकं कितीही देखणी दिसली तरी माझा सल्ला एकच: मध्यरेषा शक्यतो मूळ जागेवरच राहील असा ऑफसेट घ्या.

दुसरी चूक म्हणजे फक्त स्प्रिंग बदलून गाडी खाली घेणं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) गाडीत चाकाला धरणारा खालचा आर्म आडव्या रेषेपलीकडे गेला, की रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरतो. मग स्प्रिंग पुरेशी कडक नसेल, तर खाली आणलेली गाडी वळणावर उलट जास्त कलते! वळणात बाहेरच्या चाकाचा कॅम्बरही (समोरून दिसणारा चाकाचा तिरपेपणा) बिघडतो, म्हणजे रुंद टायर नीट टेकतच नाही. टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) कोन बदलल्याने खड्ड्यात स्टिअरिंग न फिरवताच चाकं वळतात, ते वेगळंच. उंची थोडीच कमी करा. जास्त हवी असेल तर बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे कोन सुधारणारे भागही बसवा.

टायर आतल्या बाजूने झिजतोय म्हणून लगेच कॅम्बरला दोष देऊ नका, आधी टो (वरून बघितल्यावर चाकं पुढे आत किंवा बाहेर किती वळलीत ते) तपासा. ट्रेडवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टोच बिघडलाय. अलाइनमेंटमध्ये कास्टर (बाजूने बघितल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) आणि कॅम्बर आधी, टो शेवटी. कारण कॅम्बर हलवला की टो बदलतो.

तरीही गाडी ओढत असेल, तर कंपनीची चाकं परत लावून चालवून बघा. ओढणं थांबलं तर चूक नव्या रिममध्ये किंवा टायरमध्ये आहे. नाही थांबलं तर आर्मचे बुश, टाय रॉड एंड आणि ब्रेक कॅलिपर तपासायला घ्या.