आपली संसद आपले प्रतिनिधित्व किती करते, हे कसे तपासावे

आधी निवडणुकीचा अधिकृत निकाल समोर घ्यावा आणि प्रत्येक पक्षाच्या नावापुढे दोन रकाने आखावेत : मतांतील वाटा आणि जागांतील वाटा. ब्रिटनची २०२४ ची निवडणूक पाहा. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा, म्हणजे ६३ टक्के जागा मिळाल्या. रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मते पडूनही ५ जागा मिळाल्या, आणि त्याहून कमी, १२.२ टक्के मते घेणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला मात्र ७२. मते थोड्या मतदारसंघांत एकवटली की जागा हाती लागतात. देशभर विखुरली की तीच मते वाया जातात. वाट्याहून अधिक जागा मिळालेल्या पक्षांचे जादा टक्के जोडले की एकूण तफावत कळते.

याच तक्त्यात मतदानाची टक्केवारीही लिहावी, कारण बहुतेक जण नेमकी तीच विसरतात. त्या निवडणुकीत सुमारे ६० टक्के मतदान झाले. म्हणजे मजूर पक्षाच्या एवढ्या मोठ्या बहुमतामागे नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम पाचांतील एकाचे मत उभे आहे. माझ्या दृष्टीने हा आकडा जागांच्या तफावतीहूनही गंभीर आहे.

प्रमाणशीर पद्धतीत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीत, मते आणि जागांमधली तफावत फार कमी होते, पण त्या पद्धतीचीही किंमत मोजावी लागते. एका पक्षाला बहुमत मिळणे अवघड असल्याने आघाडी जुळवावी लागते : ही पद्धत असलेल्या नेदरलँड्समध्ये २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार स्थापन व्हायला जवळजवळ दहा महिने लागले.

त्यानंतर एका प्रतिनिधीमागे किती लोकसंख्या येते ते काढावे. अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, सुमारे ३ कोटी ९० लाख लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला दोन सदस्य आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. अशी रचना राज्यांच्या समानतेसाठी मुद्दाम केलेली असते, म्हणून दोन सभागृहांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा.

सभागृहात कोण बसले आहे, तेही मोजावे. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात २००८ पासून स्त्रियांचे बहुमत आहे. त्यामागे राज्यघटनेने राखून ठेवलेल्या जागांचा मोठा हात आहे. मात्र उपस्थिती म्हणजे प्रभाव नव्हे, आणि तो प्रभाव आकड्यांत सापडत नाही.

म्हणून शेवटी आपल्याला जिव्हाळ्याचे चार-पाच कायदे निवडावेत आणि आपल्या प्रतिनिधीने त्यांवर प्रत्यक्ष कोणत्या बाजूने मत दिले, हे सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत शोधावे. विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले असेल तर कोणी काय मत दिले याची नोंदच राहत नाही. अशा वेळी चर्चेतील भाषणे, विचारलेले प्रश्न आणि सुचवलेल्या दुरुस्त्या पाहाव्यात.